संकेतस्थळावरील वाटा आणि पाट्या



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना थोडें आश्चर्य वाटलें असेल. ज्याचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें फारसें गेलें नाहीं व ज्याचें उभें आयुष्य मुलांकडून पाढे घोकून घेण्यांत गेलें, अशा मास्तरानें संकेतस्थळाच्या मांडणीवर काय बोलावें? परंतु हें ज्ञान मला हौसेनें झालेलें नाहीं. तें एका चुकीमुळें झालेलें आहे. ती चूक माझी स्वतःची असल्यामुळें ती सांगण्याचा अधिकार मला आहे, असें मी समजतों.

पेन्शन घेतल्यावर हातांत वेळ होता. शाळाप्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्त्या यांची माहिती पालकांस एके ठिकाणीं मिळावी, म्हणून मीं एक ब्लॉग सुरू केला. मराठींत त्याला अनुदिनी असेंहि म्हणतात, आणि हें नांव मोठें अन्वर्थक आहे. कारण रोजच्या रोज लिहीत जावें व नवें लिखाण सर्वांत वर दिसावें, हाच त्याचा मूळ धर्म होय. माझ्या चुकीचें बीजहि याच धर्मांत होतें. म्हणून हीं साधनें कशीं निघालीं, तें प्रथम थोडक्यांत पाहूं.

टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं या जाळ्याची योजना मांडली, आणि १९९१ त पहिलें संकेतस्थळ जगाला खुलें झालें. त्या काळीं प्रत्येक पान एचटीएमएल नांवाच्या खुणांच्या भाषेंत हातानें लिहावें लागे. एक नवें पान घातलें कीं इतर पानांवरील दुव्यांच्या याद्या पुनः हातानेंच दुरुस्त कराव्या लागत. हें काम जाणत्याचेंच होतें. ऑगस्ट १९९९ मध्यें 'ब्लॉगर' हें साधन निघालें. २००३ त तें गूगलनें घेतलें. २००१ त बेन व मेना ट्रॉट या दांपत्याचें 'मूव्हेबल टाइप' आलें. मे २००३ मध्यें मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनीं 'बी-टू' नांवाच्या एका आधींच्या साधनावरून 'वर्डप्रेस' तयार करून प्रसिद्ध केलें. या साधनांनीं लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचें ओझें उतरविलें. मजकूर टंकावा, एक कळ दाबावी, कीं तारीख पडून लेख आपोआप जागेवर जाऊन बसे.

ही जागा मात्र सर्वांची सारखीच, म्हणजे सर्वांत वर. घरांतील वर्तमानपत्रांच्या रद्दीचा गठ्ठा आपण पाहिला असेल. आजचा अंक वर, कालचा त्याखालीं, आणि गेल्या महिन्याचा तळाशीं. दैनंदिनी वाचणाऱ्याला हा क्रम सोयीचा आहे. परंतु ज्याला एक विशिष्ट गोष्ट हवी आहे, त्याच्या दृष्टीनें तो गठ्ठाच.

आतां माझी चूक सांगतों. आठवीच्या मुलांसाठीं केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ति परीक्षा असते. गरीब घरांतील जीं मुलें तींत निवडलीं जातात, त्यांना नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. ही परीक्षा आठवींतच द्यावयाची. पुढें ती संधि नाहीं. आमच्या आळींत घरोघर पोळ्या करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची थोरली मुलगी अभ्यासांत हुशार. त्या वर्षीं ती आजारी पडून महिनाभर शाळेंत गेली नाहीं, म्हणून बाईंनीं शेजारणीच्या मोबाईलवर माझा ब्लॉग उघडून पाहिला. उत्पन्नाचा दाखला केव्हांपर्यंत द्यावयाचा, एवढेंच त्यांना हवें होतें.

पुढें भेटल्या तेव्हां त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या पानावर त्याचें कांहींच नव्हतें हो."

मीं ठासून सांगितलें, "होतें. मीं स्वतः लिहिलें होतें."

घरीं येऊन पाहिलें. लिहिलें होतें हें खरें. परंतु त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मीं आणखी सतरा नोंदी घातल्या होत्या. वक्तृत्वस्पर्धेचा वृत्तांत, बक्षीससमारंभाचीं छायाचित्रें, आणि सांगावयास लाज वाटते, माझ्या दोन कविता. मुख्य पानावर दहाच नोंदी दिसत. शिष्यवृत्तीची नोंद 'जुन्या नोंदी' या बारीक अक्षरांमागें गेली होती. मुदत टळून चार दिवस झाले होते. माहिती पानावर होती, या समाधानाचा त्या मुलीला कांहींहि उपयोग नव्हता.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास संकेतस्थळें बांधण्याचा व्यवसाय करतो. दिवाळींत तो भेटावयास आला, तेव्हां मीं त्याला हें सर्व सांगितलें. वर्गांत त्याला मीं पुष्कळदां बांकावर उभें केलें होतें. त्या दिवशीं बांकावर उभें राहण्याची पाळी माझी होती. तो म्हणाला, "गुरुजी, साधनाचा दोष नाहीं. लिहावें कसें तें साधन सांगतें. वाचणारा कुठून येईल व काय शोधील, तें आपणच ठरवावें लागतें."

मग त्यानें आपले अनुभव सांगितले. तो या धंद्यांत पडला तेव्हां, म्हणजे २००४ च्या सुमारास, मूव्हेबल टाइप सर्व पानें आधींच तयार करून ठेवीत असे. वर्डप्रेस तसें करीत नाहीं. वाचकानें मागितल्यावर तें कोठारांतून मजकूर काढून पान जुळवितें. एका खाणावळींत ताटें वाढून ठेवावींत आणि दुसरींत गिऱ्हाईक बसल्यावर वाढावें, तसा हा फरक. पहिल्या रीतींत पान चटकन् हातीं येतें. परंतु मेनूंतील एक शब्द बदलला तरी तो प्रत्येक पानावर असल्यामुळें सर्व पानें पुनः घडवावीं लागतात. पुढें वर्डप्रेसमध्यें सोयी वाढत गेल्या. फेब्रुवारी २००५ च्या आवृत्तींत तारखेच्या क्रमांत न अडकणारीं स्थिर पानें आलीं. जून २०१० च्या आवृत्तींत ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें मेनू रचावा अशी सोय झाली. "पण गुरुजी," तो म्हणाला, "मेनू रचतां येऊं लागल्यावर लोक त्यांत आपल्या कचेरीचा नकाशा उतरवूं लागले."

हें कसें होतें, याचें एक उदाहरण मुंबईकरांच्या नित्य परिचयाचें आहे. दादर स्थानकांत पश्चिम व मध्य अशा दोन रेल्वे येतात. पूर्वीं दोहोंचे फलाट आपापल्या एकपासून मोजलेले असत. त्यामुळें एक नंबरचे फलाट दोन झाले होते. प्रत्येक रेल्वेच्या कागदोपत्रीं हिशेब बरोबर होता. गोंधळ होई तो पुलावर उभ्या असलेल्या नवख्या उतारूचा. डिसेंबर २०२३ मध्यें मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक देण्यांत आले. रूळ तेच, फलाट तेच. पाट्या मात्र उतारूच्या दृष्टीनें लागल्या.

माझ्या मेनूंत कोणत्या पाट्या होत्या? 'मुखपृष्ठ', 'माझ्याविषयीं', 'ज्ञानसरिता', 'वार्तापत्र' आणि 'संकीर्ण'. शिष्यवृत्त्या मीं 'ज्ञानसरिते'त घातल्या होत्या, व त्या नांवाचा मला अभिमान होता. विद्यार्थ्यानें चाळीस नोंदींचे मथळे चाळीस चिठ्ठ्यांवर लिहिले, आणि आळींतील पांच आयांना बोलावून सांगितलें, "ज्या एकत्र असाव्यात असें वाटतें त्यांचे गठ्ठे करा, आणि प्रत्येक गठ्ठ्याला तुम्हीच नांव द्या." त्यांत त्या पोळ्या करणाऱ्या बाईहि होत्या. पांचहि जणींनीं थोड्याफार फरकानें तेच गठ्ठे केले, आणि नांवें दिलीं तींहि साधींच: शिष्यवृत्ती, शाळाप्रवेश, परीक्षा, दाखले. मीं हळूच विचारलें, "आणि 'ज्ञानसरिता' म्हटलें तर?" बाई म्हणाल्या, "तिथें तुमच्या कविता असतील असं वाटलं मला." सर्वजणी हंसल्या. मीहि हंसलों, पण रात्रीं झोंप लागली नाहीं.

त्या दोन दिवसांत मी ज्या गोष्टी शिकलों, त्या आतां क्रमानें सांगतों.

पहिली ही कीं, वाचक नेहमीं पुढच्या दारानेंच येतो असें नाहीं. कोणी व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवितो, कोणी शोधयंत्रांतून येतो, आणि एकदम माजघरांत उतरतो. म्हणून प्रत्येक पानावर तीन प्रश्नांचीं उत्तरें असलीं पाहिजेत: मी कोठें आहें, येथून कोठें जातां येईल, आणि परत कसें यावें. पानाच्या माथ्यावर 'मुख्य पान, शिष्यवृत्ती, आठवी' अशी वाटेची ओळ असली, तर पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तींतच मिळतें.

दुसरी गोष्ट मोबाईलविषयीं. त्याच्या लहान पडद्यावर मेनू तीन आडव्या रेघांमागें दडतो. ही खूण १९८१ सालच्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठीं नॉर्म कॉक्स यांनीं काढलेली. तिला चाळीस वर्षें उलटून गेलीं, तरी बाईंना ती नक्षी वाटली होती. आम्हीं रेघांखालीं 'विषय' हा शब्द लिहिला.

तिसरी गोष्ट शोधाच्या चौकटीची. शोधावयाची सोय आहे, मग मेनू कशाला, असें पुष्कळांना वाटतें. वडिलांच्या जुन्या पुस्तकांवरून मला शब्दाच्या शेवटीं ऱ्हस्व 'ति' लिहिण्याची खोड आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं 'शिष्यवृत्ती' दीर्घ केली, आणि शाळेंत मीं मुलांकडून ती दीर्घच लिहून घेतली. ब्लॉगवर मात्र ती ऱ्हस्वच राहिली. बाईंच्या शेजारणीनें शोधतांना दीर्घ लिहिलें. साध्या शोधयंत्राला हे दोन निरनिराळे शब्द! कोणी तर रोमन लिपींत लिहितात. म्हणून चौकट असावी, परंतु तिच्यावर विसंबून पाटी काढून टाकूं नये. पाटीवर आतां मीहि दीर्घच लिहितों.

चौथी गोष्ट पत्त्यांची. सुधारणेच्या उत्साहांत मीं सर्व नोंदी नव्या विभागांत हलविल्या. त्याबरोबर त्यांचे पत्ते बदलले, आणि लोकांनीं जपून ठेवलेले दुवे '४०४' असा आंकडा दाखवूं लागले. तो आंकडा म्हणजे 'पान सांपडत नाहीं' असा निरोप. विद्यार्थ्यानें माझे कान उपटले. घर बदलल्यावर आपण पोस्टांत नवा पत्ता देऊन ठेवतों, तसा '३०१' या संकेतानें जुन्या पत्त्यावर आलेला वाचक नव्या पत्त्यावर पाठवितां येतो. तें काम त्यानें रातोरात केलें.

पांचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, ज्या माहितीला मुदत आहे, ती तारखेच्या प्रवाहांत सोडूं नये. माझ्या मुख्य पानावर आतां माथ्याशीं एकच चौकट आहे: 'या महिन्यांत संपणाऱ्या मुदती'. नोंद केव्हां लिहिली हें तेथें नाहीं. मुदत केव्हां संपते हें आहे. लिहिणाऱ्याची तारीख आणि वाचणाऱ्याची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत, हें मला इतक्या उशिरां कळलें. कविता 'संकीर्णां'त गेल्या.

हीं तत्त्वें संगणकाबरोबर जन्मलीं असें मात्र समजूं नये. शि. रा. रंगनाथन हे १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ त त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम प्रसिद्ध केले. वाचकाचा वेळ वांचवावा, हा त्यांतील चौथा नियम. पुस्तक कपाटांत आहे एवढ्यानें ग्रंथपालाचें कर्तव्य संपत नाहीं. ज्याला तें हवें त्याच्या हातीं तें वेळेवर पडलें पाहिजे. आमच्या शाळेच्या कपाटाची किल्ली कित्येक वर्षें माझ्या कमरेला होती, आणि तरीहि हा नियम मला पोळ्या करणाऱ्या बाईंकडून शिकावा लागला.

आपणांपैकीं अनेकजण एखाद्या गृहसंस्थेचें, वाचनालयाचें, दवाखान्याचें किंवा मंडळाचें संकेतस्थळ सांभाळीत असतील. त्यांना माझी एकच विनंति आहे. ज्यानें तें पूर्वीं पाहिलेलें नाहीं अशा एका माणसाला, शक्य तर घरकामाच्या बाईंना किंवा वृद्ध शेजाऱ्याला, जवळ बसवा. त्यांच्या हातीं मोबाईल द्या, एक गोष्ट शोधावयास सांगा, आणि आपण तोंडांतून अवाक्षर काढूं नका. बोट दाखवूं नका, "तें वर आहे" असें सांगूं नका. त्यांचा अंगठा जेथें थबकेल, तेथें आपली पाटी चुकली आहे.

त्या मुलीचीं चार वर्षांचीं ४८,००० रुपयांचीं शिष्यवृत्ति परत आणतां येत नाहीं. ती शिकते आहे. आई दोन घरें जास्त करते. गेल्या वर्षीं तिची धाकटी बहीण आठवींत आली. माझ्या ओसरीवर बसून तिनें आईच्या मोबाईलवर तें पान उघडलें, मुदत पाहिली, वहीच्या पाठीमागें लिहून घेतली आणि ती खेळावयास निघून गेली. या सगळ्यास एक मिनिटहि लागलें नाहीं, आणि यांत कांहीं विशेष झालें असें तिला वाटलेंहि नाहीं.