आईच्या बाराव्याला जायचं, तर फाईलचं काय?

परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला आणि त्याच्यासोबतच्या सवलतीच्या आदेशातली ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख मोबाईलवर फिरू लागली. नागरिकत्वाची मुदत दहा वर्षांनी वाढली, असा अर्थ अनेकांनी लावला. तसं काहीही झालेलं नाही. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून त्या तारखेपर्यंत छळाला भिऊन आलेल्या अल्पसंख्याकांजवळ कागद नसतील किंवा त्यांची मुदत उलटली असेल, तर त्यांच्यावर खटला भरायचा नाही, एवढंच तो आदेश सांगतो. सीएएची, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची, तारीख ३१ डिसेंबर २०१४ होती, तीच आहे.

पण जळगावच्या सिंधी कॉलनीत किंवा धुळ्याच्या कुमारनगरात एखाद्या घराला अडवणारा प्रश्न बहुतेकदा या तारखांचा नसतोच. घोटकीला, सक्करला आई वारली, तर जाऊन परत येता येईल का? मुंबईच्या स्टुडिओतल्या चर्चांत हा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही.

पहलगामच्या हल्ल्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यातल्या पाकिस्तानी नागरिकांच्या याद्या छापून आल्या, तेव्हा नागपूर, ठाण्यापाठोपाठ जळगावचं नाव पाहून पुण्यामुंबईचे लोक चकित झाले. खान्देशात कुणाला नवल वाटलं नाही. फाळणीनंतर आलेल्यांनी इथे कापडाची, किराण्याची दुकानं उभी केली आणि मागे राहिलेले नातेवाईक पुढे त्यांच्याच आधाराने येत राहिले. आल्यावर एलटीव्ही, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. तो आधी अर्जाच्या पोचपावतीवर, मग मंजुरीवर, मग नूतनीकरणावर चालतो. या एलटीव्हीवर भारतीयाशी लग्न करून आलेल्या कुठल्याही धर्माच्या पाकिस्तानी स्त्रियाही राहतात, हे अशा चर्चांत सोयीस्कर विसरलं जातं.

एलटीव्ही हातात असेल तर बाहेर जाण्यासाठी 'नोरी' लागतो. भारतात परतायला हरकत नाही, असा शेरा. तो मागायचा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिकांच्या टेबलावर. पण एलटीव्हीच मंजूर व्हायचा असेल, तर जवळ असतो फक्त आलेला व्हिसा, आणि तो साधारणपणे एकदाच आत येण्याचा. सीमा ओलांडली की तो संपला. पुन्हा यायचं तर नव्याने व्हिसा, नव्याने अर्ज.

नोरी असला म्हणजे सगळं पक्कं, असंही नाही. थार एक्स्प्रेस आणि समझौता या दोन्ही भारत-पाकिस्तान गाड्या ऑगस्ट २०१९ मध्ये थांबल्या. जमिनीवरची वाट उरली अटारी सीमेची. मार्च २०२० मध्ये तीही मिटली, आणि नोरी घेऊन गेलेली माणसं पलीकडे अडकली. नवरा इकडे, बायको तिकडे. काही महिन्यांनी तुकड्यातुकड्यांनी त्यांना आणलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये अटारी पुन्हा बंद झाली. एलटीव्हीधारकांना हात लावला नाही, हे सरकारने स्पष्ट केलं आणि ते बरंच केलं. पण इथे राहण्याची परवानगी शाबूत आणि जाण्यायेण्याची वाट बंद, अशा अवस्थेत माणूस करणार काय?

खरी गोम आहे नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात. वास्तव्याची अट साधारण ११ वर्षांची, सीएएखाली ५. ही वर्षं चौदा वर्षांच्या अवधीत तुकड्यांनी भरली तरी चालतात. अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने मात्र सलग हवेत. त्या वर्षात मधे जाऊन आलात की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. २०१५ च्या दुरुस्तीने यात जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट ठेवली, पण ती देणार केंद्र सरकार, 'विशेष परिस्थिती' लेखी नोंदवून. जन्मदात्याचा मृत्यू ही विशेष परिस्थिती आहे हे आधी दिल्लीला पटवायचं आणि मग गाडीत बसायचं? प्रेत तेवढं थांबत नाही.

अर्ज भरल्यावर तरी पाय मोकळे होतात का? कायद्याच्या शब्दांत हो. व्यवहारात पोलीस चौकशीला घरी येतात, आणि सीएएच्या २०२४ च्या नियमांनुसार जिल्हा समितीसमोर हजर राहून निष्ठेची शपथ घ्यावी लागते. या समितीचे प्रमुख कोण, तर डाक विभागाचे अधीक्षक! संधी देऊनही अर्जदार आला नाही, तर अर्ज नामंजुरीच्या विचारासाठी वर जातो.

हा ताप एकट्या पाकिस्तानी पासपोर्टवाल्यांचा नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज भरलेला आपल्याकडचा इंजिनीअर 'अ‍ॅडव्हान्स परोल' न घेता घरी आला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-वन आणि एल व्हिसावाले मात्र सुटतात. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला की तो मागे घेतल्यासारखाच. फरक एवढाच की तिथे नियम आधी वाचायला मिळतो आणि अमेरिकेत परोलचा अर्ज आधीच करून ठेवता येतो.

जळगावची रड आणखी वेगळी. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याक अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार १६ जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रातून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर. मे २०२१ मध्ये आणखी १३ जिल्हे जोडले. गुजरातचे चार, राजस्थानचे पाच, महाराष्ट्राचा एकही नाही. पाकिस्तानी नागरिकांच्या यादीत तिसरं असलेलं जळगाव दोन्ही वेळा वगळलं गेलं. २०१४ नंतर आलेल्या जळगावकराची फाईल त्यामुळे आजही मुंबईमार्गे दिल्लीला जाते. ती जितकी रेंगाळेल तितकी वर्षं माणूस नोरीच्या भरवशावर. हे अधिकार जळगावला द्यायला नवा कायदा लागत नाही, गृह मंत्रालयाचा एक आदेश पुरतो. निवडणुकीत सिंधी कॉलनीत हार घालून घेणाऱ्या एकाही पुढाऱ्याने तो मागितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.