इंग्लंडमधील इन्फंट व ज्युनियर शाळांचे एकत्रीकरण : एक विवेचन

प्रास्ताविक :
इंग्लंडमध्ये काही ठिकाणी प्राथमिक शिक्षण दोन स्वतंत्र शाळांत विभागलेले आहे. इन्फंट शाळेत साधारणतः 4 ते 7, तर ज्युनियर शाळेत 7 ते 11 वर्षे वयाची मुले शिकतात. 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे पहिले दोन टप्पेही सातव्या वर्षापाशीच विभागलेले आहेत.

कारणे व पद्धती :
पटसंख्या घटली की तिच्यावर आधारित निधीही घटतो. अशा वेळी, विशेषतः एखादे मुख्याध्यापकपद रिक्त झाल्यास, एकत्रीकरणाचा प्रस्ताव पुढे येतो. दोन्ही शाळा बंद करून नवी शाळा स्थापन केली जाते, किंवा एक बंद करून दुसरीचा वयोगट वाढविला जातो. दुसऱ्या मार्गात एका शाळेचे अस्तित्वच संपत असल्याने तेथील शिक्षकांत असुरक्षिततेची भावना निर्माण होऊ शकते.

लाभ व मर्यादा :
एकत्रीकरणामुळे सातव्या वर्षी शाळा बदलावी लागत नाही. बालकाची प्रगती एकाच संस्थेला सलग पाहता येते. तथापि, एका शिक्षकामागे 30 विद्यार्थ्यांची कायदेशीर मर्यादा केवळ इन्फंट वर्गांनाच लागू असते. त्यापुढे वर्ग मोठा होऊ शकतो आणि अध्यापनही अधिक विषयनिष्ठ होते. म्हणजेच जुनी सीमारेषा नव्या शाळेच्या आतही टिकून राहू शकते.

निष्कर्ष :
एकत्रीकरणाचे यश केवळ खर्चाच्या बचतीवरून ठरविता येणार नाही. दुसऱ्या व तिसऱ्या इयत्तांचे शिक्षक एकत्र नियोजन करतात का, हाच त्याचा खरा निकष होय.