एक मीटर पाणी आणि उत्तरेचा वारा

टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळा मुक्कामाला येत नाही, अधूनमधून येऊन जातो. आठवड्यातले चार दिवस मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार वारा येतो आणि लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बोटी पाण्यात लोटतात. मग उत्तरेच्या क्षितिजावर निळसर-काळी पट्टी दिसते, वारा एकदम फिरतो आणि तास-दोन तासांत पारा दहा-बारा अंशांनी उतरतो. तिथे याला ‘ब्लू नॉर्दर’ म्हणतात. बहुतेक माणसं घरात शिरतात. काही मात्र छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून पाण्यात उतरायच्या तयारीला लागतात. आयुष्यातला सर्वांत मोठा ट्राउट गळाला लागला तर तो याच महिन्यांत लागेल, असा त्यांचा ठाम विश्वास असतो.

हे पाणी म्हणजे उघडा समुद्र नव्हे. पाद्रे नावाचं वाळूचं लांबलचक बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये ‘लगूना माद्रे’ हा खाजणवजा पट्टा दोनशे किलोमीटरहून अधिक पसरला आहे. मोठी नदी त्याला येऊन मिळत नाही, पाऊस कमी आणि ऊन भरपूर. त्यामुळे पाणी बहुतेक वेळा समुद्राहूनही खारं. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. मुंबईच्या उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढताना पाहणाऱ्याला ही भरती मुळी कळणारच नाही. तिथे पाण्याची पातळी चंद्रापेक्षा वाराच जास्त हलवतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खोलीची: या पट्ट्याची सरासरी खोली सुमारे एक मीटर आहे.

या एका मीटरमध्येच पुढची सगळी गोष्ट आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मीटर खोल पाणी म्हणजे साधारण एक टन पाणी. ते एका अंशाने थंड व्हायचं तर सुमारे ४२ लाख जूल उष्णता बाहेर पडावी लागते. कोरड्या, थंड, जोरदार वाऱ्यात दर चौरस मीटरमधून चारशे वॅटच्या आसपास उष्णता निघून जाऊ शकते. हा वेग चोवीस तास टिकला तर साडेतीन कोटी जूल जातात, म्हणजे एका दिवसात आठ अंश! याच पट्ट्यातून मालवाहू बार्जसाठी खणलेला जलमार्ग जातो. १९४९ मध्ये तो इथे पूर्ण झाला. त्याची खोली साडेतीन मीटरच्या वर आहे, त्यामुळे तेवढीच उष्णता गमावूनही तिथलं पाणी दोन-अडीच अंशांनीच उतरतं. माशाला गणित येत नाही, पण अंगाला लागणारं पाणी कळतं. नॉर्दर सुटला की उथळ गवताळ भागातले मासे कालव्याकडे, धक्क्यांखालच्या डोहांकडे, खोलगट खड्ड्यांकडे सरकू लागतात.

गरवणाऱ्यांचं लक्ष असतं ते मुख्यतः दोन माशांवर. एक रेडफिश: तांबूस-तपकिरी, दणकट, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका असलेला. दुसरा ठिपकेदार स्पेकल्ड ट्राउट. थंड नद्यांमधल्या खऱ्या ट्राउटशी त्याचं काही नातं नाही. हे दोघेही सायनिडी कुळातले, म्हणजे आपल्या घोळ आणि ढोम्याचे भाऊबंद. घोळीच्या ज्या बोतासाठी पालघर-डहाणूकडे लाखोंचे सौदे होतात, तोच वाताशय हे मासे आवाज काढायला वापरतात. बाजूचे स्नायू झरझर आकसतात आणि पोटातून टकटक-घुरघुर उमटते. पण आपल्या किनाऱ्यावरच्या घोळीला ऐन हिवाळ्यातही विशीच्या बरंच वरचं पाणी मिळतं. टेक्सासातल्या तिच्या चुलतभावाचं तसं नाही.

पाणी थंड झालं की मासाही तितकाच थंड होतो, कारण त्याच्या अंगात वेगळी शेगडी नाही. तापमान दहा अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. पचन लांबतं, हालचाल मंदावते, भूक उशिराने लागते. त्यातच खाडीतलं ताटही बदलतं. उन्हाळ्यात सगळीकडे असणारी कोळंबी थंडीच्या तोंडावर आखाताकडे निघून जाते. मागे राहतात ते बोय. मोठ्या ट्राउटच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही. दिवसभर कोळंब्यांमागे धावण्यापेक्षा एक चांगला हातभर नसला तरी वीतभर बोय गिळायचा आणि पुढे निवांत पडून राहायचं.

म्हणून हिवाळ्यातलं गरवणं संथ असतं, इतकं संथ की नवख्याचा धीर सुटतो. ह्यूस्टनच्या पॉल ब्राउन यांनी बनवलेलं ‘कॉर्की’ हे आमिष या कामासाठी टेक्सासभर नावाजलं गेलं. बोयच्या आकाराचं मऊ प्लास्टिकचं अंग, आतून एक तार. तारेला बोटाने किंचित बाक दिला की आमिषाचा तोल बदलतो. नाक वर केलं तर ते वरच्या थरात राहतं, खाली केलं तर सावकाश खोल जातं. पाण्यात टाकायचं, मनगटाला हलका झटका द्यायचा, दोर थोडा ढिला सोडायचा आणि थांबायचं. आमिष मरगळलेल्या माशासारखं अधांतरी लटकत राहतं. पुन्हा झटका, पुन्हा थांबणं. ट्राउट धडक मारत नाही. दोर नुसता जड झाल्यासारखा वाटतो, शेवाळ अडकलं असावं असा. अनुभवी माणूस त्या जडपणावरच काठी उचलतो.

याउलट रेडफिशचं तोंड खालच्या बाजूला वळलेलं असतं. तो चिखलात नाक खुपसून खेकडे, किडे शोधतो आणि वासावर बराच भर देतो. त्याच्यासाठी ताज्या बोयचा किंवा खेकड्याचा तुकडा तळाशी ठेवून दिला तरी चालतं. थंडीही तो ट्राउटपेक्षा बरी सोसतो. नॉर्दर ओसरून ऊन पडलं की दुपारी तोच आधी उथळ भागात परततो. काळसर चिखलाचा तळ सूर्याची उष्णता शोषून घेतो, थंडीत प्लवक कमी झाल्याने पाणी नितळ असतं, ऊन सरळ तळापर्यंत पोहोचतं. वाळूच्या तळापेक्षा अशा जागी पाणी दुपारनंतर अंश-दोन अंशांनी उबदार असतं. उन्हाळ्यात पहाटे चारला उठणारे इथले लोक जानेवारीत जेवूनखाऊन निघतात, त्यामागचं शास्त्र हेच.

पाणी आणखी एका कारणाने मासे शोधणं सोपं करतं. जानेवारी-फेब्रुवारीत आखाताची पातळीच वर्षातल्या नीचांकाजवळ असते आणि त्यात उत्तरेचा वारा खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो. एरवी बुडालेले कालवांचे खडक उघडे पडतात. मासे उरलेल्या मोजक्या पाण्यात गोळा होतात. लगूना माद्रेला जोडलेल्या बॅफिन उपसागरात शिरणारे बोटवाले तर या दिवसांत जीव मुठीत धरून चालवतात. तिथे तळाशी नळीकृमींनी प्राचीन काळी बांधलेले दगडी उंचवटे आहेत आणि बोटीचं बूड फाडायला त्यातला एक पुरतो. याच बॅफिनमध्ये १९९६ च्या फेब्रुवारीत सव्वासहा किलोंच्या घरातला ट्राउट सापडला आणि त्याने राज्याचा विक्रम केला. हिवाळ्याची कीर्ती त्याने आणखी वाढवली. २००२ मध्ये तो विक्रम सात किलोंवरच्या माशाने मोडला, तो मात्र मे महिन्यात. हिवाळाभक्तांना ही आठवण करून दिलेली फारशी आवडत नाही.

त्यांची आणखी एक श्रद्धा तपासून पाहण्यासारखी आहे. नॉर्दर येण्याआधी वायुदाब उतरतो, तेव्हा मासे अधाशासारखे खातात आणि नंतर दाब चढला की तोंड मिटतात, असं प्रत्येक धक्क्यावर ऐकायला मिळतं. खाण्यातला फरक अनेकांनी पाहिलेला आहे. पण दाबाचं कारण जरा लंगडं वाटतं. अशा वाऱ्यासोबत दाब वीस-तीस हेक्टोपास्कल बदलतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण एक सेंटीमीटर पाण्याचं वजन. म्हणजे ज्या बदलाने मासा उपाशी राहतो म्हणतात, तेवढा बदल तो वीतभर वर-खाली पोहला तरी सोसतो, आणि दिवसातून शंभरदा सोसतो. ढगाळ उजेड, वाढता वारा, हलणारं पाणी आणि नंतरची तापमानाची घसरगुंडी ही कारणं अधिक पटणारी आहेत. दाबमापकाचा काटा त्या सगळ्यांबरोबर हलतो, एवढंच.

ही झाली नेहमीच्या थंडीची गोष्ट. कधीकधी नॉर्दर जातच नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर ध्रुवाकडची हवा टेक्सासवर येऊन बसली. लाखो घरांची वीज गेली, ती बातमी जगभर पोहोचली. खाडीत काय झालं ते पाणी तापू लागल्यावर दिसलं. टेक्सासच्या वन्यजीव विभागाने केलेल्या अंदाजानुसार किमान ३८ लाख मासे मेले. त्यात ६१ जाती होत्या आणि सर्वाधिक झळ लगूना माद्रेला बसली. थंडीने मरण्यात प्राणवायूचा दोष नसतो. थंड पाण्यात तो उलट जास्तच विरघळतो. मासा मरतो तो क्षारांचा तोल गेल्याने. पाणी सुमारे सात अंशांखाली गेलं की ट्राउट सुन्न होऊ लागतो. कल्ल्यांमधून मीठ बाहेर फेकणारी यंत्रणा मंदावते, नसांचे संदेश अडखळतात, मासा कुशीवर कलंडतो. आधीच समुद्राहून खारं असलेलं पाणी या संकटात भरच घालतं. थोडे तास गेले तर तो सावरतो. दिवस गेले तर खोल कालव्यातलं पाणीही त्याला वाचवू शकत नाही, कारण तेवढ्या वेळात तेही थंडावलेलं असतं.

टेक्सासला हे नवीन नव्हतं. डिसेंबर १९८३ च्या गोठणीत सुमारे १ कोटी ४० लाख मासे मेले होते. १९८९ मध्ये तर एकाच वर्षात दोनदा तडाखा बसला: फेब्रुवारीत १ कोटी १० लाखांच्या वर, डिसेंबरात ६० लाखांच्या वर.

२०२१ च्या आकड्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. गळाने धरल्या जाणाऱ्या जातींमधले जे मासे मेले, त्यांत जवळपास निम्मे ट्राउट होते, सुमारे १ लाख ६० हजार. रेडफिश होते तीनेक टक्के. रेडफिश काटक आहे हे खरं, पण ते अर्धंच कारण. ट्राउटचा जन्म, वाढ, विणीचा हंगाम आणि मरण सगळं खाडीतच होतं. रेडफिश पहिली तीन-चार वर्षं खाडीत काढतो आणि वयात आला की आखातात उतरतो. तिथे तो चाळीस वर्षंही जगू शकतो. खाडी गोठली तरी त्याच्या जातीचे अंडी घालणारे आई-बाप बाहेर खोल पाण्यात सुखरूप असतात. ट्राउटची सगळी पुंजी एकाच उथळ परातीत.

बाहेरचे हे आई-बापही एकदा संपत आले होते, पण थंडीने नव्हे. १९८० च्या सुमारास न्यू ऑर्लीन्समध्ये पॉल प्रुडॉम या बल्लवाचार्याने मसाल्यात घोळवून तापल्या बिडाच्या तव्यावर काळा करपवलेला रेडफिश वाढायला सुरुवात केली. पदार्थ देशभर गाजला. मागणी पुरवायला आखातातले मोठमोठे थवे जाळ्यांनी घेरले जाऊ लागले, तेव्हा १९८६-८७ मध्ये केंद्र सरकारला आपल्या हद्दीत ही मासेमारी बंद करावी लागली. टेक्सासने त्याआधीच, १९८१ मध्ये, जंगली रेडफिश आणि ट्राउट विकायला बंदी घातली होती. याच काळात कॉर्पस क्रिस्टी शहरातल्या फ्लाउर ब्लफमध्ये मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं. टाक्यांमधला उजेड आणि तापमान बदलत बदलत वर्षाचे सगळे ऋतू सुमारे पाच महिन्यांत बसवले की रेडफिश कॅलेंडर न पाहता अंडी घालतात. तिथून आजवर कोट्यवधी पिल्लं खाड्यांमध्ये सोडली गेली आहेत. हिवाळा हा असा बटणावर चालवता येतो, पण टाकीत.

खाडीत मात्र एकच उपाय उरतो, माणसाला आवरणं. थंडीने गारठलेले मासे एका डोहात दाटीवाटीने उभे असतात, तेव्हा त्यांना उपसणं हा खेळ राहत नाही. म्हणून कडक गोठणीच्या दिवसांत असे डोह काही काळ गरवण्यासाठी बंद करण्याचा अधिकार टेक्सासच्या वन्यजीव विभागाला आहे. लगूना माद्रेतून जाणारे बार्जही अशा वेळी थांबवले जातात, कारण त्यांच्या पंख्यांनी कालव्यातलं पाणी ढवळलं गेलं तर सुन्न मासे आणि कासवं त्यातून बाजूला होऊ शकत नाहीत. २०२१ मध्ये थंडीने बधिर झालेली बारा हजारांहून अधिक समुद्री कासवं टेक्सासच्या किनाऱ्यावर मिळाली. त्यातली हजारो स्वयंसेवकांनी साउथ पाद्रे आयलंडच्या संमेलनगृहाच्या फरशीवर ओळीने मांडून ठेवली होती.

त्या वर्षी लगूना माद्रेत ट्राउटची रोजची मर्यादा माणशी तीनवर आणली गेली. २०२४ पासून ती संपूर्ण किनाऱ्याला लागू झाली आणि घरी नेता येणारा ट्राउट १५ ते २० इंचांमधलाच हवा, असं ठरलं. २८ इंचांहून मोठा ठेवायचा असेल तर परवान्यासोबत मिळणारी खास चिठ्ठी त्याला लावावी लागते. एवढा मोठा ट्राउट ही बहुधा मादीच असते आणि एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ती पुन्हापुन्हा अंडी घालते. जानेवारीच्या पाण्यात छातीपर्यंत उभे राहून तिच्यामागे लागणारे पुष्कळ जण ती चिठ्ठी वापरतच नाहीत. मोजपट्टी, एक फोटो, आणि मासा परत पाण्यात. थंड पाण्यात सोडलेल्या माशाची जगण्याची शक्यता ऑगस्टमधल्या माशापेक्षा जास्त असते, अट एवढीच की त्याला हवेत फार वेळ धरून ठेवलेलं नसावं आणि वारा गोठवणारा नसावा.