शिवोलीहून आलेली कॅसेट

१९८५च्या सुमाराची गोष्ट. काळाचौकीतल्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक गोंयकार काका राहायचे. जहाजावर कामाला असायचे. सुट्टीत गावी जाऊन परत येताना ते भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरायचे, तेव्हा पिशवीत काजू आणि सुकी मासळी ठरलेली असे. त्या खेपेला पिशवीतून एक कॅसेटही निघाली, रेमो फर्नांडिसची ‘गोवन क्रेझी’. काकांनी ती गॅलरीत टेपरेकॉर्डरवर लावली. इंग्रजी आम्हाला निम्मंच कळत होतं, पण त्या गाण्यांत गोवा होता, हे न सांगता कळलं. मी ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली आणि पुढची काही वर्षं सतत ऐकली.

आज रेमो म्हटलं की लोकांना ‘बॉम्बे’चं ‘हम्मा हम्मा’ आठवतं, ‘जलवा’ आठवतो, ‘प्यार तो होना ही था’ आठवतं. पद्मश्रीही आठवते, ती २००७ची. ‘गोवन क्रेझी’ ही त्याची पहिली कॅसेट मात्र क्वचितच कुणाला आठवते. तिचा मागोवा घ्यावासा वाटतो तो यासाठीच.

रेमोचा जन्म १९५३चा, पणजीचा. घर बार्देशातल्या शिवोलीचं. गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. लंडनहून आलेल्या एका नातेवाइकाने आणलेल्या बिल हेलीच्या तबकडीतून रॉक अँड रोल त्याच्या कानावर पडलं. मग एल्व्हिस, बीटल्स, हाती गिटार आणि शाळकरी वयातच मित्रांबरोबर ‘बीट फोर’ नावाचा बँड. वास्तुशास्त्र शिकायला तो मुंबईत आला आणि सत्तरच्या दशकात इथल्या ‘सॅव्हेजेस’ या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवू लागला. याच बँडशी आपल्या नंदू भेंडे यांचंही नाव जोडलेलं आहे. पुढे १९७८मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’तून त्यांनी रॉकचा आवाज मराठी रंगभूमीवर नेला. मुंबईच्या रॉकचा आणि आपला संबंध असा घरातला आहे.

त्या काळी बँडकडून लोकांची अपेक्षा एकच असायची: परदेशी गाणी हुबेहूब वाजवा. स्वतःचं गाणं ऐकायला फारसं कुणी थांबत नसे. शिक्षण झाल्यावर रेमो मुंबईत रमला नाही. युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लोकांच्या गाड्यांना हात दाखवत, रस्त्यावर गात तो हिंडला आणि गोव्याला परतला. तिथे ‘इंडियाना’ नावाच्या फ्यूजन बँडमध्ये काही काळ वाजवलं. त्यानंतर तो एकटा उरला आणि ‘गोवन क्रेझी’ त्या एकटेपणातून आली.

१९८४ साली शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. गाणी त्याची, गळा त्याचा, वाद्यंही त्यानेच वाजवलेली. हे काम किती कष्टाचं होतं ते समजून घ्यायला हवं. साध्या कॅसेटवर दोन्ही बाजू मिळून चार ट्रॅक असतात. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतं. पहिल्यावर गिटार वाजवायची. ती हेडफोनवर ऐकत दुसऱ्यावर बेस, मग तिसऱ्यावर ताल भरायचा. तीन भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे पहिले तीन पुन्हा मोकळे होतात. दर वेळी टेपची खरखर थोडी वाढते आणि एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. बँडमध्ये एक चुकला तर बाकीचे सांभाळून घेतात. इथे सांभाळून घेणाराही तोच. ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ हा अल्बम जानेवारी १९८२मध्ये घरी अशाच यंत्रावर मुद्रित केला होता. त्याच महिन्यात आमच्या गिरणगावात गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पण स्प्रिंगस्टीनच्या मागे मोठी कंपनी उभी होती. रेमोच्या मागे कुणीच नव्हतं.

मुंबईच्या कंपन्यांनी त्याला नकार दिला. हिंदुस्थानी माणसाने स्वतः रचलेली इंग्रजी गाणी, तीही गोव्याबद्दल! ती कोण विकत घेणार, असा तो हिशेब. मग रेमोने कॅसेट स्वतःच काढली आणि स्कूटरवर घालून गोवाभर दुकानादुकानांत पोचवली.

ही स्कूटर मला फार जवळची वाटते. अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची गाणी ज्या गिरणगावाने डोक्यावर घेतली, त्याला स्वस्त पुस्तिकांतून हातोहात फिरणारं गाणं नवीन नव्हतं. गोव्यात तियात्रातली, म्हणजे कोकणी नाटकांतली, कांतारांही (गाणीही) अशीच घरोघर पोचली. ज्याला आपल्या माणसांना काही सांगायचं आहे, तो कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. रेमोच्या हातात इलेक्ट्रिक गिटार होती आणि भाषा इंग्रजी, पण रीत शाहिराचीच.

आम्ही ती कॅसेट ऐकत होतो तेव्हा संपाला तीन वर्षं झाली होती. अडीच लाख कामगार बाहेर पडले होते आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत जाऊ शकले नाहीत. बाप दुपारचे घरी, गॅलरीत बसलेले दिसू लागले होते. भोंगा, खातं, पाळी, युनियन, सगळं आयुष्य एका समूहात बांधलेलं, आणि तो समूहच विस्कटलेला. अशा दिवसांत एक माणूस बँडमधून बाहेर पडून, घरच्या खोलीत बसून, एकामागून एक आवाज रचत सगळा बँड पुन्हा उभा करतो, हे ऐकून मला किती धीर आला, ते तेव्हा कुणाला सांगता आलं नसतं.

पुढचं सगळं भराभर झालं. १९८५मध्ये कोकणी लोकगीतांचा ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आला, त्याच वर्षी बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये रेमोचा आवाज होता. मग ‘पॅक दॅट स्मॅक’, मग १९८७मध्ये ‘बॉम्बे सिटी’. ज्या शहराने दार लावलं होतं, तिथलाच सिनेमा त्याला बोलावू लागला आणि १९९५मध्ये ‘हम्मा हम्मा’ घराघरांत वाजलं. या उजेडात पहिली कॅसेट झाकली गेली. पण पुढच्या सगळ्या गाण्यांतला मोकळा, मिस्कील, गावाशी बांधलेला आवाज तिथेच तयार झाला होता.

आज लॅपटॉपवर घरबसल्या अल्बम करणारी मुलं आमच्या अभ्युदय नगरातही भेटतात. त्यांना शंभर ट्रॅक मिळतात, खरखर नसते. मी त्यांना ‘गोवन क्रेझी’ ऐकायला सांगतो. माझी उतरवलेली कॅसेट आता झिजली आहे. गाणं सुरू होण्याआधी टेपची सरसर बराच वेळ ऐकू येते. त्यातली किती माझ्या कॅसेटची आणि किती शिवोलीच्या त्या खोलीतली, हे मला वेगळं करता येत नाही. मग गिटार सुरू होते आणि वरच्या मजल्यावरचे काका आवाज वाढवतात, असं वाटतं.