सावकाश शिकलेला वेग

बॅरल रेसिंग ही अमेरिकेच्या रोडिओ या काउबॉय खेळांमधली घोड्यांची शर्यत. मैदानात दोनशे लिटरची तीन पिंपं त्रिकोणात उभी असतात. पहिल्या दोन पिंपांत ९० फूट अंतर, तिसरं त्या दोन्हींपासून १०५ फुटांवर. तिन्हींना वळसे घालून भरधाव परतायचं. पिंप पडलं की ५ सेकंदांचा दंड. जिथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो, तिथे हा दंड म्हणजे हारच. १९४८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँजेलो इथे महिलांनी स्वतःची रोडिओ संघटना उभारली आणि ही शर्यत त्यांची ओळख बनली.

पण या घोड्यांचा सराव पाहायला गेलं, तर वेग फारसा दिसतच नाही. धावणं या शर्यतीतल्या क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांच्या रक्तातच असतं. शिकवायचं असतं ते सावरणं.

सुरुवात साध्या चालीनं, मग दुडकीनं. पिंपापासून चार-पाच हात राखून गोल फेरा घ्यायचा. घोड्याचं नाक किंचित आत, बरगड्या वर्तुळाप्रमाणे वाकलेल्या, मागचे पाय पोटाखाली. आतला खांदा पिंपाकडे कलला, की स्वार आतल्या पायानं हलका दाब देते आणि वर्तुळ पुन्हा मोठं करते. नजर पिंपावर नाही, पुढच्या वाटेवर. कारण स्वाराची नजर जिथे, तिथेच घोडा जातो. वळणात शिरताना ऐसपैस, निघताना पिंपाला लगटून, हा सगळ्या सरावाचा गाभा.

दुसरा धडा वेग आवरण्याचा. पिंपाच्या अलीकडे स्वार खोगिरात खोल बसते, घोडा थांबतो, दोन पावलं मागे सरतो आणि मगच वळतो. हे अनेकदा झालं, की स्वाराचं नुसतं बसणंच त्याला खूण म्हणून पुरतं. लगाम खेचावा लागत नाही, तोंड दुखावत नाही.

तिसरा धडा पावलांचा. दौडताना घोड्याचा एक पुढचा पाय दुसऱ्याच्या पुढे पडतो; उजव्या वळणात तो उजवा हवा, डाव्या वळणात डावा. उजव्या पिंपापासून सुरुवात केली तर पुढची दोन्ही वळणं डावी येतात. म्हणजे मधल्या ९० फुटांत पाय बदलायलाच हवा. त्यासाठी इंग्रजी आठच्या आकारात संथ फेरे घेतात.

आणि पूर्ण वेगात तिन्ही पिंपं? ती क्वचितच. रोज पळवलेला घोडा मैदानाच्या दारातच बिथरतो, त्याचे सांधेही झिजतात. म्हणून पिंपांविना रानातली मोकळी रपेट हाही सरावच.

१९८५ च्या रोडिओच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत बॅरल रेसर शार्मेन जेम्सच्या स्कॅम्पर या घोड्याचा लगाम ऐन फेरीत निसटला. तरीही स्कॅम्परनं तिन्ही वळणं घेतली आणि ती फेरी जिंकली. १९८४ ते १९९३ अशी सलग दहा विश्वविजेतेपदं या जोडीनं मिळवली. लगाम निसटला त्या फेरीत शार्मेनच्या हातात काहीच नव्हतं. होतं ते सगळं घोड्याच्या अंगात मुरलेलं होतं.