धरण, धोरण आणि साखर

सकाळच्या चहांत आपण साखर ढवळतों, तेव्हां तिच्यामागें सरकारी धोरणाचा केवढा हात आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील प्रवरेच्या खोऱ्यावरून तें सांगण्याचें मीं योजिलें आहे.

हा मुलूख अवर्षणाचा. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें व कालव्यांवाटे पाणी खालच्या शिवारांत मिळूं लागलें. १९३२ सालीं परदेशी साखरेवर जकात बसवून सरकारनें देशी धंद्यास संरक्षण दिलें. पाणी आलें, बाजार सुरक्षित झाला; आतां शेतकरी सुखी व्हावा, असें कोणासही वाटेल. परंतु कारखाने खाजगी भांडवलाचे होते. स्वतःचा कारखाना काढण्याइतका पैसा लहान शेतकऱ्यापाशीं नव्हता.

ही उणीव सहकारानें भरून काढली. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांचें भागभांडवल जमविलें, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, आणि सरकारनेंही पाठबळ दिलें. १९५०-५१ सालीं लोणीजवळ कारखान्याचा पहिला हंगाम झाला. तात्पर्य, धरण हें धोरणाचें अर्धेंच अंग होय. भांडवल व संघटना हें दुसरें.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऊस हें बारमाही तहानेचें पीक. राज्यांतील जमिनीच्या लहानशा भागावर तें उभें असतें. पण सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतें. ज्वारी-बाजरीच्या रानास मात्र एका पाळीसाठीं आभाळाकडे पाहावें लागतें. प्रांताप्रांतांतही असेंच अंतर पडलें. म्हणून १९८३ सालीं सरकारनें वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. सिंचन, रस्ते, शिक्षण इत्यादि बाबतींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागें आहे, याचा हिशेब तिनें १९८४ सालीं मांडला. त्या तुटीस ‘अनुशेष’ म्हणतात.

शाळेंत मी मुलांस वाटणीचीं गणितें घालीत असें. त्यांत वाटेकरी किती, हें आधींच सांगितलेलें असे. राज्यकारभारांत वाटेकरी कोणास धरावयाचें, हाच मुळीं प्रश्न असतो. यापुढें एखाद्या नव्या योजनेची वार्ता वाचाल, तेव्हां खर्चाचा आंकडा पाहून थांबूं नका. वाटेकऱ्यांत कोण राहून गेला, तेंही विचारा.