थेंबाला आकार कोण देतं?

वाचकहो, साखरखेर्ड्याच्या शिवारात कांद्यावर फवारणी करताना हा अनुभव तुम्हालाही आला असेल. औषधाचे थेंब पातीवरून मोत्यासारखे घरंगळतात अन् मातीत जातात. पंप रिकामा, खिसा रिकामा, फुलकिडे मात्र जागच्या जागी! दोष दरवेळी औषधाचाच असतो असं नाही. पातीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाण्याला धरत नाही. चिकटद्रव्य मिसळलं की पाण्याचा ताण कमी होतो, थेंब पसरतो.

पाण्याला स्वतःचा आकार नाही. ज्यावर ते पडतं आणि ज्या फटीत सापडतं, तेच त्याला आकार देतात. दिव्याच्या वातीत तेल आपोआप वर चढतं ना? मलेरियाच्या तपासणी पट्टीतही तेच घडतं. रक्ताचा थेंब कागदाच्या बारीक छिद्रांतून स्वतःच पुढे सरकतो. ना पंप लागतो, ना वीज.

आता एक गंमत करून पाहा. काचेच्या दोन छोट्या, कडा घासलेल्या तुकड्यांमध्ये घट्ट रंगाचा थेंब दाबा आणि काचा सावकाश अलग करा. रंगाचं फांद्याफांद्यांचं झाड उमटेल! हवा पातळ, रंग घट्ट. म्हणून हवा बोटांसारखी आत घुसते. सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९५८ साली यामागचं गणित मांडलं.

पण ही झाडं मनाला येईल तशी वाढतात. त्यांना वळण लावलं ते आपल्या मुंबईच्या आयआयटीत. प्रा. प्रसन्ना गांधी आणि तन्वीर उल इस्लाम यांनी पाटीला ठरावीक जागी बारीक भोकं ठेवली. हवा तिथूनच आत शिरते आणि द्रवाची हवी तशी जाळी तयार होते. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. छिन्नी नाही, कोरीवकाम नाही. केसाएवढ्या वाहिन्यांची उपकरणं कमी खर्चात घडवण्याची वाट यातून दिसते.

प्रयोगशाळेतला हा नियम बांधावरही तोच आहे. म्हणून यंदा फवारणीआधी एवढं करा : एका पातीवर नुसतं पाणी टाका, दुसरीवर चिकटद्रव्य मिसळलेलं. थेंब पसरला तर पैसा पिकावर, घरंगळला तर मातीत. मात्र चिकटद्रव्य लेबलवरच्या मापानेच घ्या. जास्त झालं तर औषध पातीवर न थांबता ओघळून जातं.